ओली खुर्ची

ओल्या चड्डीची पिशवी दारातून आली ती थेट माझ्या मांडीवर. तिच्या मागून सून आली. सुनेच्या मागून नातू आला, पाळणाघराची उसनी गुलाबी चड्डी घालून, दर दोन पावलांनी ती वर ओढत.

"दुसरी!" सून म्हणाली. "काल एक, आज एक. बाबा, तुम्ही तर म्हणाला होतात, शिकवलंय म्हणून!"

"शिकवलंयच."

"काय शिकवलंय? सतरंजी भिजवायला?"

आमची सून वेल्डर आहे. दुधाच्या मोठाल्या टाक्या आणि त्यांचे पाइप जोडते. तिच्या जोडातून आजवर एक थेंब गळलेला नाही. हे मी सासरा म्हणून सांगत नाही, तिचा फोरमन सांगतो, आणि त्या माणसाच्या तोंडून चांगला शब्द काढायचा तर आधी पक्कड आणावी लागते. काम करताना ती तोंडावर मुखवटा घेते. चिडते तेव्हा तो समोरच्याने घ्यावा.

"माझ्या हातचे पाइप बारा वर्षं गळले नाहीत," ती म्हणाली, "आणि माझ्याच पोटचा गळतोय. सगळं वर्कशॉप हसतंय मला."

नातू, म्हणजे आमचा बोकोबा, खाली बसून माझ्या चपलेचा पट्टा चावत होता. गाल बोक्यासारखे, म्हणून बोकोबा. वय अडीच. त्याच्यावरून घरात एवढं पेटलंय याची त्याला गंधवार्ता नव्हती.

पेटलं होतं ते असं. बोकोबा झाल्यापासून सून रजेवर होती आणि या सोमवारी कामावर परत रुजू झाली होती. सोमवारी पाळणाघरातून फोन आला: मूल ओलं झालंय, कपडे घेऊन या. काम सोडून ती गेली. मंगळवारी पुन्हा तेच. फोरमनने तिला दारातच अडवलं आणि सांगितलं, "आता तिसऱ्यांदा काम सोडून गेलीस तर परत येऊ नकोस. तुझ्या जागेवर तिघं डोळा ठेवून आहेत." आणि पाळणाघराच्या भिंतीवर मोठ्या बाईंनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून ठेवलं होतं: तीन वेळा ओलं, नाव कमी. म्हणजे बुधवारी बोकोबाने एकदा चड्डी ओली केली की पाळणाघरही गेलं आणि नोकरीही गेली.

तुम्ही म्हणाल, घरात धडधाकट आजोबा असताना पाळणाघर कशाला? तर माझे कान बॉयलरने खाल्लेत. मागच्या महिन्यात मी बोकोबाला समोरच्या खुर्चीत बसवून गोष्ट सांगत होतो. गोष्ट चांगली रंगात आली होती. बोकोबा मधेच उतरून, दार उघडून रस्त्यावर जाऊन बसला. ट्रकवाला हॉर्न देऊन देऊन दमला, खाली उतरला, पोराला उचलून घरात घेऊन आला, तरी मी खुर्चीला गोष्ट सांगतच होतो. त्या दिवशी सून मला एक शब्द बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

मुलगा कामावरून आला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "बघू."

"तू 'बघू' म्हणालास ना, की मला दोन मजल्यांच्या मधे अडकल्यासारखं होतं," सून म्हणाली. "वर तरी जा, नाहीतर खाली तरी ये!"

"अगं, ओरडतेस कशाला?"

"ओरडत नाहीये मी! हा माझा आवाज आहे!"

तेही खरंच. आमच्या घरात हळू बोलायची पद्धतच नाही. मी बहिरा, तिची उभी हयात ग्राइंडरच्या आवाजात, आणि मुलगा दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यातून दहाव्या मजल्याशी बोलणारा. आम्ही 'मीठ दे' म्हणालो की शेजारीण मीठ घेऊन येते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता शिकवणीचं सांगतो. एकतीस वर्षं मी गिरणीचा बॉयलर सांभाळला. दाब वाढला की दहाच्या ठोक्याला मी जास्तीची वाफ सोडायचो: शूऽऽऽ! तो आवाज असा होता की तीनशे माणसं हातातलं काम टाकून मोरीकडे रांग लावायची. एकदा मी रजेवर गेलो आणि बदलीवाल्याने वाफ सोडलीच नाही. संध्याकाळपर्यंत तीनशे माणसं पाय आवळून उभी, आणि त्या दिवशी विणलेलं सगळं कापड वाकडं निघालं. गिरणी बंद पडून वीस वर्षं झाली, तरी आमचा जुना फिटर सायकलची हवा सुटली की घराकडे पळतो.

त्या अनुभवावर मी बोकोबाला हातात घेतलं. सून चार दिवस परगावी गेली होती, वेल्डिंगची परीक्षा नव्याने द्यायला. आल्यावर तिला कोरडं पोर दाखवायचं, असा माझा बेत. माझ्या पुढच्या दोन दातांत फट आहे. त्या फटीतून मी हुबेहूब वाफ सोडतो. बोकोबाची वेळ झाली की शूऽऽऽ! पहिल्या दिवशी तो नुसता हसला. दुसऱ्या दिवशी त्याने माझ्या दातांत बोट घालून बघितलं. तिसऱ्या दिवशी जमलं. चौथ्या दिवशी मी आवाज केला रे केला, की पोर असेल तिथे उभं. नुसतं 'शू आली का' विचारलं तर तो खरं काय ते सांगायचा. पण लांब सुरातला शूऽऽऽ म्हणजे हुकूम. सून परत आली तेव्हा घर कोरडं ठणठणीत. ती इतकी खूश झाली की कसं शिकवलं हे तिने विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. पुढेही ते खातं माझ्याकडेच राहिलं.

बुधवारी सकाळी तिने बोकोबाच्या पिशवीत चड्ड्यांची चळत भरली आणि म्हणाली, "आज तिसरी झाली ना, तर मी..."

वाक्य तिने तिथेच सोडलं. वाक्य अर्धं सोडणारी ती नव्हे. म्हणून मी पाना खिशात टाकला आणि त्यांच्या मागोमाग निघालो.

पाळणाघरात मोठ्या माणसांना आत बसू देत नाहीत. पण गळका नळ दुरुस्त करणाऱ्याला कोण अडवतं? आणि नळ नाही असं पाळणाघर नाही, गळत नाही असा नळ नाही. मी सांगितलं, "नळ बघायला आलोय," आणि थेट हात धुवायच्या बेसिनखाली जाऊन बसलो. तिथून सगळी खोली दिसत होती. वीसेक पोरं. भिंतीवर ढग, ढगांवर डोळे. मोठ्या बाई मधोमध, इस्त्रीची घडी न मोडलेल्या. बाईंचा आवाज इतका मऊ, की त्या ओरडल्या तरी पोरांना झोप यावी.

कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून एक लोखंडी खुर्ची ठेवली होती. पाइपची, चार पाय, पत्र्याची बैठक.

दोन वेण्यांची एक चिमुरडी माझ्या शेजारी उकिडवी बसली आणि नळ दुरुस्त होताना बघू लागली.

"ती खुर्ची कुणाची गं?" मी विचारलं.

"ती ओली खुर्ची. बोकोबाची."

"त्याची कशी?"

"ओलं झालं की तिथे बसायचं. काल आमचं जेवण होईपर्यंत तो बसला होता. परवा पण."

"आणि चड्डी कोण बदलतं?"

"त्याची आई दारात आली की बाई बदलतात," चिमुरडी म्हणाली. "तोपर्यंत ओलीच. म्हणजे कळतं."

माझ्या हातातला पाना आपोआप आवळला गेला. नळ गळत नव्हता, तो गळायला लागला.

खोलीत गलका वाढत होता. दोघं एका बसवरून भांडत होते, एक जण पेटीवर चढून गात होता. बोकोबा एकटाच शहाण्यासारखा ठोकळ्यावर ठोकळा रचत होता. मोठ्या बाईंनी सभोवार पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि सगळ्या खोलीला गप्प करण्यासाठी, अगदी मऊ, अगदी लांब आवाज काढला:

"शूऽऽऽ..."

माणसांचं बोलणं मला निम्मं ऐकू येतं. पण वाफ कुठे सुटली, तर तीन गल्ल्यांपलीकडची कळते. माझ्या पाठीचा कणा ताठ झाला.

वीस पोरं गप्प झाली. एकविसाव्याने हातातला ठोकळा खाली ठेवला, उठून उभा राहिला, पाय फाकले, आणि दोन्ही हात वर केले.

हात वर का, ते सांगायला हवं, कारण ती चूक माझी. चड्डी खाली ओढताना बोकोबाचे हात मधे यायचे, म्हणून मी त्याला 'हात वर' शिकवलं होतं. शूऽऽऽ झालं की हात वर, मी चड्डी ओढायची, मीच भांडं खाली सरकवायचं. त्याने कुठे जायचं नाही, काही काढायचं नाही. भांडं आपल्या पायांनी चालत येतं, अशी त्याची पक्की समजूत.

त्याने खाली पाहिलं. भांडं नव्हतं. मग वर पाहिलं, बाईंकडे. बाईंचं बोट अजून ओठांवर, आवाज अजून चालू. हुकूम तो हुकूम. त्या खोलीतल्या सगळ्यांत आज्ञाधारक पोराने, हात वर ठेवून, सतरंजीवर केली.

"तिसरी," मोठ्या बाई म्हणाल्या. "चला. खुर्चीवर."

मी उठलो तो डोकं बेसिनवर आपटलं. "अहो बाई! तुम्हीच सांगता, तुम्हीच शिक्षा करता?"

"तुम्ही नळवाले ना?"

"त्याचा आजोबा आहे मी! त्याला शू म्हटलं की तो शू करतो! तुम्ही म्हणालात, त्याने केली!"

"शूऽऽऽ! आजोबा, आवाज खाली."

त्यांच्या पाठीमागे, खुर्चीकडे निघालेल्या बोकोबाचे हात पुन्हा वर गेले. "ते बघा, ते बघा!" मी ओरडलो. त्या वळेपर्यंत हात खाली. सतरंजी आधीच ओली, त्यामुळे पुरावा शून्य.

"आजोबा, तुमच्याबद्दल ऐकलंय मी," मोठ्या बाई मऊपणे म्हणाल्या. "तुमचा बॉयलर पावसाळ्यात अंडी घालायचा म्हणे."

"एकच घातलं होतं."

"तेच म्हणते मी." आणि त्यांनी मला बाहेर काढून दाराला कडी लावली, मग फोन उचलला.

जन्मभर गोष्टी सांगितल्या, लोकांनी खुशाल मान डोलावली. आता एकदाच खरं बोललो, तर कुणाला पटेना.

त्या फोनला सून आली नाही. ती आली साडेबाराला, जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाल्यावर. जेवणाची सुट्टी तिची स्वतःची, फोरमनला त्यात बोलायची सोय नव्हती. पण एकच्या भोंग्याला जागेवर नसली, तर संपलं. तिच्या कपाळावर काजळी, खिशातून हातमोजे लोंबत होते. मी धावत जाऊन सांगायला लागलो, "अगं, ते शू म्हणतात ना, म्हणजे मी जे वाफेचं..."

"बाबा," ती म्हणाली, "आज गोष्ट नको. हात जोडते."

मला लागलं ते. पण तिचं बरोबर होतं. खुर्चीला गोष्ट सांगणारा माणूस मी.

मोठ्या बाई वही घेऊन पुढे आल्या. "नाव कमी करावं लागेल. वाईट वाटतं. पण नियम सगळ्यांना..."

सून ऐकत नव्हती. जेवणाऱ्या पोरांपलीकडे, कोपऱ्याकडे ती बघत होती. भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची, पत्र्यावरून खाली ओघळ, आणि त्यावर पाय न टेकणारा बोकोबा. तास झाला होता.

"हा ओल्या चड्डीत बसलाय?" तिने विचारलं. आवाज हळू. आमच्या घरात इतका हळू आवाज कुणी कधी काढलेला नाही. मला तो पहिल्या झटक्यात ऐकू आला.

"त्याशिवाय मुलांना समजत नाही."

"काल?"

"कालही."

"आज पिशवीत सहा चड्ड्या भरून दिल्या होत्या मी. वर ठेवल्या होत्या. नाव घालून."

"आई दारात आली की बदलायच्या, अशी आमची पद्धत आहे."

तेवढ्यात दोन वेण्यांवाली मधे आली. तिने सुनेचा हातमोजा ओढला. "काकू, बाई शूऽऽऽ करतात ना, मग तो असा हात वर करतो." आणि तिने करून दाखवलं.

सुनेने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तोंडातून अवाक्षर काढलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

"बाई," ती म्हणाली, "आमच्याकडे जोड झाला की तपासतात. पाइपमध्ये हवा भरतात, जोडावर साबणाचं पाणी सोडतात आणि बघतात. कुणाच्या बोलण्यावर जात नाहीत. तुम्ही रोज जसं करता तसं करा."

"काय करू?"

"शू करा."

"माझ्या वयाला हे..."

"पंधरा मिनिटांत माझा भोंगा होईल. करा!"

मोठ्या बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. "शूऽऽऽ..."

बोकोबा खुर्चीवरून उतरला. भिंतीकडून वळला. पाय फाकले. दोन्ही हात वर. पण आत काही उरलं नव्हतं, तासापूर्वीच टाकी रिकामी झालेली. तरी त्याने हुकूम मोडला नाही. गाल फुगवले, डोळे मिटले, कानापर्यंत लाल झाला, पायांची बोटं वळली. पोर बाईंसाठी जिवाचं रान करत होतं. आणि अखेरीला दोन थेंब फरशीवर पडले. टप. टप. मला ऐकू आले, शपथ घेतो.

मग त्याने डोळे उघडून बाईंकडे पाहिलं, शाबासकी मिळेल म्हणून.

खोलीत चिडीचूप. तो शू वीस पोरांसाठी नव्हता, तरी.

"एक बुडबुडा आला तरी आम्ही जोड नापास करतो," सून म्हणाली. "इथे दोन आले. पण नापास केल्यावर पाइपला कोपऱ्यात बसवत नाही. जोडणाऱ्याला बोलावतो." आणि ती माझ्याकडे वळली. "जोडणारा कोण?"

मी पाना मागे लपवला.

"हात वर?" तिने विचारलं.

"चड्डी ओढायला सोपं जातं."

"आणि भांडं?"

"मीच आणायचो. माझ्या हाताशीच असायचं."

"चार दिवसांत शिकवलं म्हणे! पोराला शिकवलं की स्वतःला? बाबा, त्या बॉयलरला तरी वाफ सोडायला वेळ ठरलेली होती. तुमच्या तोंडाला ती पण नाही!"

मोठ्या बाईंना जरा धीर आला. "बघा ना. मला बापडीला काय माहीत, तुमच्या घरात शू म्हणजे..."

"नव्हतं माहीत. मान्य." सून त्यांच्याकडे फिरली, आणि आता तिचा खरा आवाज निघाला, ग्राइंडरवरचा. भिंतीवरच्या ढगांनी डोळे मिटले. "यांची चूक, माझी चूक, मी विचारलं नाही. पण ओल्या चड्डीत लोखंडावर अडीच वर्षांचं मूल बसवलंय, बाकीची जेवतायत, आणि आज तर याच्या पिशवीत सहा कोरड्या चड्ड्या आहेत, हे तर माहीत होतं ना? तीन दिवस माहीत होतं ना?"

बाईंचं बोट परत ओठांवर गेलं. तिथेच विसरून राहिलं.

सुनेने बोकोबाला कोरडी चड्डी घातली. त्याचे वर राहिलेले हात धरून खाली केले, दोनदा, कारण ते परत वर जात होते. त्याच्या गालावर तिच्या बोटांची काजळी उठली. मग तिने ती खुर्ची उचलून काखेत मारली.

"अहो, ही कुठे नेता?"

"वर्कशॉपला. दुरुस्तीला."

"पण ती मोडलेली नाही."

"मोडेल," सून म्हणाली. "याचं नाव?"

मोठ्या बाईंनी वहीकडे पाहिलं, फरशीवरच्या दोन थेंबांकडे पाहिलं आणि वही मिटली. "राहील."

खुर्ची काखेत घेऊन ती धावली. एकच्या भोंग्याचा फोरमनने खटका दाबला होता, आवाज नळकांड्यातून अर्धा वर आला होता, तेवढ्यात ती आत शिरली आणि तो आवाज तिच्या पाठीवर आपटून परत खाली गेला. त्या दिवशी भोंगा झालाच नाही. फोरमनला विचारा. तो नाही म्हणेल. त्याला कुणाचं चांगलं सांगवत नाही.

शुक्रवारी खुर्ची परत गेली. बैठकीच्या पत्र्याला मधोमध गोल भोक पाडलेलं, खाली भांडं अडकवायला लोखंडी कडं, पाय निम्मे कापलेले, म्हणजे बसणाऱ्याचे पाय टेकतात. भोकाची कड ग्राइंडरने इतकी गुळगुळीत केलेली की वरून रेशीम ओढावं. गुरुवारी सुट्टीनंतर थांबून सुनेने केलं ते, आणि दर वेळी आपलाच तळहात कडेवरून फिरवून बघत होती, असं फोरमन म्हणाला. तिने ती खुर्ची स्वतः नेऊन कोपऱ्यात नाही, मोरीत ठेवली, तोंड दाराकडे करून. आता त्या खुर्चीवर बसायला पोरांची मारामारी असते.

माझ्यावरचा राग मात्र उतरलेला नाही. बोकोबाला नव्याने शिकवायचं काम सुनेने स्वतःकडे घेतलंय: आधी सांगायचं, मग चालत जायचं, चड्डी आपली आपण काढायची. हात खाली. मला घरात श काढायची बंदी आहे. शनिवार आला तर मी कॅलेंडरवर बोट ठेवतो. मुलाने तिला एकदा विचारलं, "बाबांना कधी माफ करणार?"

"बघू," ती म्हणाली.

आणि मोठ्या बाई? सवय कुठे जाते. अजून दिवसातून एखाद्या वेळी विसरतात, बोट ओठांवर जातं आणि शूऽऽऽ निघतो. मग वीसच्या वीस पोरं उठतात, पाय फाकतात आणि हात वर करतात. बोकोबा तेवढा बसून ठोकळे रचत असतो.